थांबामास्तर

घर बघायला गेले त्या दिवशी सरांनी मला भाडं सांगितलं नाही, पाणी किती दिवसांनी येतं ते सांगितलं नाही, मी एकटी राहणार की सोबत कुणी असणार हेही विचारलं नाही. अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीचं लोखंडी झाकण त्यांनी बाजूला सरकवलं, मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "समज, मी ह्या टाकीत पडलो. हाक मारली तर ओ देत न्हाई. तू काय करशील?"

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, ही सवय अंगात मुरलेली. मी हळूच म्हणाले, "आत उतरून तुम्हाला बाहेर काढीन."

"नापास," सर म्हणाले आणि झाकण धाडकन लावून टाकलं.

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या काकूंनी मान वर न करता म्हटलं, "पास झाली काय, नापास झाली काय, खोली तर द्यायचीच हाय ना? मग कावून भेडवताय पोरीला?"

अशी मला वरची खोली मिळाली.

बीडहून पालीकडे जाताना रस्त्याला लागून एका खासगी डेअरीचं शीतकरण केंद्र होतं. तिथल्या लॅबमध्ये दुधाचं फॅट तपासणं ही माझी पहिली नोकरी. मी वाढले संभाजीनगरला. बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवून बघायची मला सवय होती, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. अशा मुलीच्या नशिबी घरमालक म्हणून हेच गृहस्थ यावेत, ही काकूंच्या भाषेत 'देवाची मस्करी' होती.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानशिक्षक. केस बूटपॉलिशसारखे काळे केलेले, खिशात पेन आणि पेनाशेजारी शिट्टी. सकाळी चहा झाला की स्कूटी काढायची आणि शिवारातून फिरायचं. वाटेत विहीर दिसली की विहिरीत डोकवायचं, गोबरगॅसची टाकी दिसली की तिथे थांबायचं. कुणी संडासाचा खड्डा उपसायला काढला असेल, कुणी मुरघासाच्या, म्हणजे मुरवलेल्या चाऱ्याच्या, खड्ड्यावरचा कागद उघडत असेल, तिथे सर हजर. लांबूनच शिट्टी वाजवायची आणि ओरडायचं, "थांबा!" काय चाललंय, कोण उतरतंय, हे नंतर. आधी थांबा. गावानं त्यांना 'थांबामास्तर' म्हणायला सुरुवात केली होती ती याच्यावरून. समोर मात्र सगळे सर म्हणायचे.

स्कूटीच्या पुढच्या जागेत त्यांचा पंखा असायचा. जुन्या कुलरचा पंखा, त्याला पत्र्याचं नरसाळं आणि नरसाळ्याला कापडाची लांबच लांब नळी. आत खोल उतरायच्या आधी तिथली कोंडलेली हवा ढकलून बाहेर काढायची आणि वरची ताजी हवा तळापर्यंत पोचवायची, असा तो प्रकार. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालेल असा तो पंखा सलीमभाईंनी करून दिला होता. फाट्यावर त्यांचं मोटार रिपेरिंगचं दुकान. नळी मात्र घरची. सुती कापडातून हवा निसटते म्हणून सरांनी काकूंच्या पॉलिस्टरच्या साड्या एकीला एक जोडून ती शिवून घेतली होती. काकू आल्यागेल्याला सांगायच्या, "माझं अख्खं लग्न त्या नळीत गेलं बघा."

सर फार शहाणे होते असं मला म्हणायचं नाही. फ्रिजमधल्या पाण्यानं गुडघे धरतात, अशी त्यांची खात्री होती. इंग्रजी शाळेतल्या पोरांना लवकर चष्मा लागतो, कारण इंग्रजी अक्षरं बारीक असतात, हेही त्यांनी मला शिकवलं. गरम पाणी कोणी जास्त घेतलं यावरून ते काकूंशी भांडत आणि भांडणात हरले की माझी साक्ष काढत. मी जिन्यातच परत फिरायची.

पण एका विषयात त्यांचं बोलणं ठरलेलं होतं, आणि ते मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतसुद्धा म्हणू शकेन. "विहिरीत, टाकीत माणसं कशी मरतात? पहिला उतरतो कामासाठी. दुसरा उतरतो मायेपोटी. तिसरा उतरतो लाजेपोटी, कावून की काठावर माणसं जमलेली असत्यात आन् सगळे त्याच्याकडं बघत असत्यात. पहिल्याला मी वाचवू शकत न्हाई. मला कळंस्तवर त्यो गेलेला असतो. माझं दुकान दुसऱ्यापासून चालू होतं."

मग कुणीतरी विचारायचंच, "आन् सर, तुमी कितवे?"

"मी चौथा," सर छाती काढून सांगायचे. "उतरलोच न्हाई. तालुक्यातला एक नंबरचा भेकड माणूस हाय मी."

ती चेष्टा नव्हती. सर कॉलेजात जाण्याच्या वयाचे असताना त्यांच्या शेतातल्या विहिरीत गडी उतरला, त्याच्यामागे सरांचा थोरला भाऊ आणि भावामागे वडील. सर काठावर उभे होते. हे मला काकूंनी सांगितलं, तेव्हा मी मनात एक समंजस, विचार करून मागे थांबलेला तरुण उभा केला. पुढे एकदा सरांसमोर तसं काहीतरी बोलले. सर हसले. "कसला इच्चार, मॅडम? पाय लटपटले माझे. भाऊ ओरडला असता तर मी गेलोबी असतो, पण त्यो वरडलाच न्हाई. भ्यालो म्हणून वाचलो. पुढं पुस्तकात वाचलं की भ्यालो ते बरोबर होतं. पण ते पुढं."

मला ते 'मॅडम' म्हणायचे. कधी 'इंग्लिश मॅडम'. फार घाई असली तर 'पोरी'.

निवृत्त झाले तरी ते आसपासच्या शाळांत जाऊन मुलांचा एक खेळ घ्यायचे. मैदानात फक्कीनं मोठा गोल आखायचा, ती विहीर. एकीला त्यात डोळे मिटून झोपवायचं. मग शिट्टी. मदत करायला जो गोलात पाय टाकेल तो मेला, त्यानंही तिथेच आडवं व्हायचं. जी मुलं बाहेर उभी राहून ओरडतील, दोर शोधतील, मोठ्यांना बोलावतील ती जिंकली. 'मास्तर पोरांना भेकड करतोय' अशी पालकांची तक्रार होती, आणि सर ती कौतुकासारखी सांगायचे. एका शनिवारी तो खेळ बघायला त्यांनी मला ओढून नेलं. गोलात झोपलेल्या मुलीची धाकटी बहीण बाहेर उभी होती. सगळ्यांनी धरलं तरी ती रडत रडत आत गेली. सरांनी शिट्टी वाजवली, "मेलीस." ती गुपचूप बहिणीशेजारी आडवी झाली आणि तिनं तिचा हात धरला. सरांनी शिट्टी तोंडातून काढून खिशात घातली. मग म्हणाले, "जा, पाणी प्या." त्या दिवशी पुन्हा खेळ झाला नाही.

त्यांच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे मी आधी सबब शोधायची. आमच्या केंद्रावर दूध घालणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. काकूंना बरं नव्हतं, म्हणून मी सरांच्या स्कूटीवर मागे बसून गेले. आहेर माझ्या मांडीवर. चकचकीत कागदात बांधलेला, चांगलाच जड. मला वाटलं पितळेची समई असेल. मांडवात आहेर नोंदवून घेणाऱ्यानं कागद फाडला आणि तो थबकला. आमच्याकडे आहेर माइकवरून पुकारतात. माइक हातात असल्यामुळे त्याला काहीतरी म्हणणं भाग होतं. भर मांडवात आवाज घुमला, "सरांकडून... दोर. एक नग."

लग्नात दोर. हजार माणसांनी माना वळवल्या. वधूची आजी म्हणाली, "शुभकार्याला गळ्यातलं आणायचं का गळफासाचं?" सर मोठ्यानं सांगू लागले की हा कमरेला बांधायचा पट्ट्याचा दोर आहे, विहिरीत उतरताना बांधायचा, जावयाच्या शेतात दोन विहिरी आहेत. जावयानं मान खाली घातली. मी अक्षता हातात तशाच घट्ट धरून खांबामागे गेले. जेवायला बसल्यावर शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमी मास्तरांची कोण?" मी ताटाकडे बघत म्हणाले, "भाडेकरू." ती म्हणाली, "आगं बाई," आणि मला जास्तीची जिलेबी वाढायला लावली.

एकदा ते आमच्या केंद्रावरच आले. दुधाचा टँकर आतून घासायला एक कामगार वरच्या गोल झाकणातून उतरत होता. रोजच उतरायचा. फाटकातूनच शिट्टी, आणि "थांबा!" दूध घालायला आलेली माणसं, मॅनेजर, सगळे बाहेर. सर मला हाका मारत होते, "मॅडम, तुमी तरी सांगा ह्यांना! आत सोड्याच्या पाण्याची वाफ धरलेली असती." मी लॅबच्या खिडकीतून बघत होते. मॅनेजरनं मला विचारलं, "हे कोण तुझे?" मी इंग्रजीत म्हणाले, "लँडलॉर्ड." इंग्रजीत म्हटलं की नातं जरा लांबचं वाटतं. त्यानंतर काय झालं, तर सरांना आत सोडू नये असं वॉचमनला सांगण्यात आलं. सरांना हे कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी चहा पिता पिता कसंबसं सांगितलं. सर म्हणाले, "बरं झालं. आता फाटकातूनच वरडतो," आणि बिस्कीट चहात बुडवलं.

अशी मला रोज कुठे ना कुठे त्यांची लाज वाटायची. पण त्या मे महिन्यातल्या रविवारनंतर लाज या शब्दाचं माझ्यापुरतं काहीतरी वेगळंच झालं.

सरांच्या घरामागे दोन शेतं ओलांडली की भागवत आणि अंकुश या दोघा भावांचं रान. त्यांची आई गयाबाई रोज आमच्या केंद्रावर दूध घालायची. वडील नव्हते. भागवत थोरला, हसतमुख, सरांची टिंगल करणाऱ्यांत पहिला. अंकुश त्याच्या सावलीसारखा मागेमागे. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं आणि दोघे गाळ काढणार होते. पेट्रोलचं इंजिन वर काठावर ठेवलं तर इतक्या खोलचं पाणी ओढत नाही. म्हणून विहिरीच्या पोटात दगडाचा टप्पा करायचा आणि इंजिन दोरानं त्या टप्प्यावर उतरवायचं, ही आमच्या भागातली जुनी रीत. पाणी खाली गेलं की इंजिन पाण्यामागे खाली जातं. आणि इंजिनाचा धूर विहिरीतच कोंडतो.

सरांनी आदल्याच आठवड्यात भागवतला हटकलं होतं. तो म्हणाला होता, "सर, पाणी खाली चाललं, मग इंजिनानं वर बसून काय मास्तरकी करावी का?" सगळे हसले होते. सरसुद्धा.

रविवारी दुपारी अंगणात कुणीतरी ओरडत आलं. भागवत इंजिन बंद करायला खाली उतरला होता. इंजिन बंद झालं. भागवत वर आला नाही.

"बस मागं, नळी धर," सर म्हणाले. मी साड्यांचं ते भेंडोळं पोटाशी धरून स्कूटीवर बसले.

आम्ही पोचलो तेव्हा अंकुशनं तोंडाला ओला रुमाल बांधला होता आणि त्याचा एक पाय काठाच्या आत होता. वीसपंचवीस माणसं जमली होती. कुणीतरी दोराला कंदील बांधून खाली सोडला होता. हवा चांगली आहे का ते बघायची हीही जुनी रीत. कंदील विझला तर उतरायचं नाही. मी वाकून बघितलं. खाली टप्प्यावर भागवत भिंतीला टेकून बसल्यासारखा दिसत होता, मान छातीवर. त्याच्या शेजारी कंदील छान, स्थिर जळत होता.

"थांबा!" सर ओरडले.

"डोळं फुटलं का तुमचं?" अंकुश म्हणाला. "कंदील जळतोय, सर! हवा हाय खाली!"

"कंदिलाला रक्त नसतं, अंकुश. त्यो धूर रक्तात जातो. दिव्याला ते कळत न्हाई."

"तुमचं इज्ञान तुमच्या घरी. माझा भाऊ हाय त्यो!"

"सोडा की त्याला, मास्तर," मागून एक जण म्हणाला. "सगळ्यांनी तुमच्यासारखं उभंच ऱ्हायचं का?"

अंकुशनं दुसरा पाय आत टाकला आणि सरांनी त्याच्या कमरेला मिठी मारली. सर काही ताकदवान नव्हते. दोघे काठावरच्या मातीत पडले. अंकुश लाथा मारत होता, सरांच्या चष्म्याची काच फुटली, पण त्यांनी हात सोडले नाहीत. मदतीला कुणी येईना. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं, की हा म्हातारा एका भावाला भावाकडे जाऊ देत नाही. तेवढ्यात फाट्यावरून सलीमभाई पळत आले आणि अंकुशच्या पायांवर आडवे पडले.

"पोरी! ओढणी!" सर ओरडले. "पाय बांध त्याचे!"

मी कधीही, घरातसुद्धा, ओढणीशिवाय वावरलेली मुलगी नाही. मी ओढणी काढली. इतक्या पुरुषमाणसांसमोर. गुडघ्यावर बसून मी त्या धडपडणाऱ्या पायांना वेढे देऊ लागले. अंकुश माझ्याकडे बघून रडत म्हणत होता, "ताई, नका. ताई, पाया पडतो. नका."

तेवढ्यात गयाबाई पोचली. तिनं सगळं एका नजरेत बघितलं आणि ती सरांच्या पाठीवर धावून गेली. मुठींनी मारत होती. "मुडद्या! सवताच्या भावाला खाल्लंस, बापाला खाल्लंस, आता माझ्या भागवतला खातो का? सोड त्याला! जाऊ दे! तुझं वाटोळं होईल!" सर खाली मान घालून मार खात राहिले आणि मी गाठ आवळली. सलीमभाई उठले, बांधावर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला पंखा जोडला आणि नळी विहिरीत सोडली. काकूंची मोरपंखी, मग जांभळी, मग कसलीशी बुट्ट्यांची साडी फुगत फुगत खाली उतरत गेली.

आणि मग थांबायचं होतं. तळापर्यंत हवा जाईपर्यंत थांबायचं. गावानं सरांना जे कधी माफ केलं नाही ते हे थांबणं. पंख्याचा आवाज येत होता, खाली एक माणूस मान टाकून बसलेला होता, त्याचा भाऊ वर बांधलेला होता, आणि आम्ही सगळे उभे होतो. मी छातीवर हातांची घडी घालून उभी होते. कुणीतरी माझ्या अंगावर टॉवेल टाकला. कुणी ते मी बघितलं नाही.

नंतर सलीमभाई कमरेला दोर बांधून उतरले. भागवतला वर काढलं. बीडला नेलं. डॉक्टरांनी मान हलवली.

अंकुशच्या पायाची गाठ मला सुटेना. शेवटी विळ्यानं कापली.

पुढच्या दिवसांत गावानं सरांना फारसं काही म्हटलं नाही. त्यांचं नाव आधीच ठरलेलं होतं. गावानं ते आता अंकुशला दिलं. हॉटेलात चहाला आला की, "ये, थांब्या." पोतं उचलायला पुढे झाला की, "थांब, थांब, मास्तरला इचार आधी." कुणी वाईट माणसं नव्हती ती. ज्यांच्या शेतात तो लहानपणी बोरं खायचा तीच माणसं. "भाऊ खाली, आन् ह्यो वर, बायकांच्या ओढणीत," असंही एक जण म्हणाला, आणि माझ्याकडे बघून गप्प झाला. अंकुशनं हॉटेलात यायचं सोडलं नाही. यायचा, कोपऱ्यात बसायचा, ऐकून घ्यायचा. जणू ते ऐकणं त्याला लागतच होतं.

सरांनी फिरणं बंद केलं. पंखा अडगळीत गेला. सकाळी चहा घरी झालेला असला तरी ते हॉटेलात जायचे आणि अंकुशच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे. कुणी टोमणा मारला की म्हणायचे, "त्याला कावून? मला म्हणा ना. धरणारा मी हाय." अंकुश उठून जायचा. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा तिथेच.

संध्याकाळी मी कामावरून आले की ते जिन्याच्या तळाशी बसलेले असायचे. रोज एकच प्रश्न. "गयाबाई आलती का दूध घालायला?"

"नाही सर. शेजारची मुलगी कॅन घेऊन येते."

एकदा म्हणाले, "मॅडम, तू सायन्सची हाईस. खरं सांग. अंकुश उतरला असता तर भागवत वाचला असता का?"

मी वाक्य मनात जुळवलं. "मला माहीत नाही, सर."

"मलाबी म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "दिवा खोटं सांगतो, असं मी म्हणलो. दिवा खोटं सांगतोच. पण एखाद्या येळेस खरंबी सांगत असंल की. हवा सुटली बी असंल तवर." फुटक्या काचेचा चष्मा काढून ते पुसत बसले. "गयाबाईनं एकदा म्हणावं. बरं केलं म्हणावं, न्हाईतर वाईट केलं म्हणावं. दुसरं कुणी म्हणून उपयोग न्हाई. माझी आई मला कायच म्हणली न्हाई. शेवटपतुर न्हाई."

काकू स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्यांनी मोठ्यानं भांडं आपटलं.

गयाबाई जून उलटल्यावर स्वतः केंद्रावर आली. माझ्या खिडकीशी कॅन ठेवला. मी नमुना घेतला. मशिनवर आकडा येईपर्यंत मी वर बघितलं नाही. मला वाटलं, आता ती मला बोलेल आणि सगळे ऐकतील. ती वाट बघत राहिली. मागची माणसं कॅन रिकामे करून गेली, तशी ती खिडकीच्या आत डोकं घालून म्हणाली, "गाठ तू मारलीस ना?"

मी मान डोलावली.

"मी मास्तराला मारत हुते तवा माझं ध्यान तुझ्या हाताकडं हुतं. तुझं हात लई कापत हुतं. तोंडानं मी शिव्या देत हुते, सोड म्हणत हुते. आन् पोटात म्हणत हुते, गाठ घट्ट मार पोरी, घट्ट मार. सुटू देऊ नगं." तिनं पदर तोंडाला लावला. "एक लेकरू खाली मरून पडलेलं, आन् मला दुसरं धरून ठेवल्याचं बरं वाटलं. अशी आई असती का कुठं?"

मी नमुन्याची बाटली खाली ठेवली. मी म्हणाले, "मावशी, हे सरांना सांगू का? ते रोज विचारतात."

तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "न्हाई. मास्तराच्या पोटात ऱ्हाईल व्हय ते? त्यो हॉटेलात बसून सांगंल सगळ्यास्नी. अंकुशाच्या कानावर गेलं तर त्यो काय म्हणंल? भागवत खाली पडला हुता आन् आईनं मला निवडलं, म्हणंल. आधीच जीव नकोसा झालाय त्याला." हात सोडून तिनं कॅनचं झाकण लावलं. "सांग. पण माझ्या माघारी. मी मेल्यावर सांग मास्तराला, आन् अंकुशालाबी. तवर न्हाई. शपथ हाय तुला."

त्या संध्याकाळी सरांनी विचारलं, "आलती?"

"आली होती," मी म्हणाले.

"काय म्हणली?"

"फॅट कमी लागलं म्हणून कुरकुर करत होती."

सरांनी मान डोलावली आणि ते उठून आत गेले.

मी वर्षभरानं ती नोकरी सोडली. आता संभाजीनगरला असते. इथे त्या गावाचं नाव लिहिलेलं नाही, सरांचं लिहिलेलं नाही, आणि बाकीची नावं त्या माणसांची खरी नावं नाहीत, ते याच शपथेमुळे. दिवाळीत मी काकूंकडे जाते. सरांना आता ऐकू कमी येतं, केस काळे करायचे त्यांनी सोडून दिलेत, आणि मागच्या वेळी जिना उतरताना ते मध्येच थांबून छाती चोळत होते. तरी मला सोडायला फाटकापर्यंत आले आणि विचारलं ते तेच. गयाबाई भेटते का, काही म्हणते का.

ती भेटते. फाट्यावर, डोक्यावर गवताचा भारा, मागे अंकुश मोटरसायकल हळू हळू चालवत. माझ्याहून भरभर चालते. एकही दात पडलेला नाही. मला बघून हसते. मी विचारते, "मावशी, तब्येत कशी आहे?" ती म्हणते, "काय धाड भरलीय मला? लई झ्याक हाय." आणि ते ऐकल्यावर क्षणभर माझ्या मनात जे येतं, त्याची लाज वाटून मी लगेच वाकून तिच्या पाया पडते. ती डोक्यावर हात ठेवते आणि म्हणते, "शंभर वर्षांची हो."